मिटल्या तोंडाची जांभई

भिंतीच्या आत पाणी कुठे गळतंय हे शोधायचं असलं की बाकीचे प्लंबर आधी टाइल्स फोडतात आणि मग विचार करतात. आपला प्लंबर तसं करत नसे. तो पिशवीतून हातभर लांबीचा स्क्रूड्रायव्हर काढायचा, त्याचं टोक भिंतीला टेकवायचा, मूठ उजव्या कानाशी धरायचा आणि डोळे मिटायचा. घरातल्यांना पंखा बंद करायला सांगितलेलं असायचं. मग तो स्क्रूड्रायव्हर वीत वीत सरकत जायचा आणि एका जागी थांबायचा. तिथे पेन्सिलीची फुली. फोडलं की फुलीखाली ओल निघणारच. तीस वर्षांत तो पाच-सहा वेळा चुकला असेल, आणि त्या पाच-सहा वेळांची सविस्तर कारणं त्याच्याकडे तयार होती.

या कानामुळे सगळी वस्ती त्याला कानसेन म्हणायची. त्यालाही ते आवडायचं. गंमत एवढीच, की पाइपाची कुजबुज ऐकणारा हा कान माणसांच्या बाबतीत कायम रजेवर असायचा. कानसेन बोलायचा. समोरचा ऐकायचा. समोरच्याला काही सांगायचं असलं तर त्याने ते कानसेन चहाचा घोट घेत असताना उरकून घ्यावं अशी पद्धत पडली होती.

त्याची बायको त्याच इमारतीच्या तळमजल्यावर कपडे घट्ट, सैल करून द्यायचं दुकान चालवायची. एक शिलाई मशीन, एक इस्त्रीचं टेबल, एक आरसा आणि गिऱ्हाइकासाठी ठेवलेलं स्टूल. संध्याकाळी त्या स्टुलावर कानसेन येऊन बसायचा आणि दिवसभरात कुठला पाइप तुंबला, कुठला जोड सुटला, त्यावर घरमालक काय म्हणाला आणि आपण काय सुनावलं, हे इत्थंभूत सांगायचा. बायकोच्या ओठांत टाचण्या असायच्या. ती मान हलवायची. आपली बायको अबोल आहे असं कानसेनचं ठाम मत होतं.

त्यांच्या लग्नाला तीस वर्षं झाली तेव्हा दुसऱ्या गावी नोकरी करणाऱ्या मुलीने पाकीट पाठवलं. आत दोघांसाठी स्कूबा डायव्हिंगच्या वर्गाची नावनोंदणी होती, आणि चिठ्ठी: दोघांनी मिळून एकदा तरी काहीतरी करा. बायकोने चिठ्ठी दोनदा वाचली आणि मुकाट्याने आपला पोहण्याचा जुना पोशाख काढून तो एक इंच सैल करायला घेतला. शाळेत असताना ती बरी पोहायची. कानसेनने चिठ्ठी वाचून सांगितलं, की यात शिकण्यासारखं काही नाही. पाणी, दाब, नळी, व्हॉल्व्ह. तीस वर्षं आपण दुसरं करतोय काय?

वर्ग भरायचा नगरपालिकेच्या तलावावर. त्याचं खोल टोक साडेतीन मीटर. तिथले शॉवर कानसेननेच बसवले होते, त्यामुळे तो आत शिरला तो घरच्या कार्याला आल्यासारखा, यजमान बनूनच. शिकवणारी मुलगी त्यांच्या मुलीएवढीच होती, केस बारीक कापलेले आणि आवाज एकदम शांत. ती पाण्याच्या दाबाबद्दल सांगू लागली तेव्हा कानसेनने हात वर न करताच उरलेलं स्वतः सांगून टाकलं. तिने हवेच्या टाकीच्या तोंडाशी बसणारी रबरी चकती दाखवली तर त्याने ती हातात घेऊन वाकवून पाहिली आणि माल बरा आहे म्हणाला. बाकीचे चार विद्यार्थी कोवळी पोरं होती. ती आळीपाळीने याच्याकडे आणि तिच्याकडे पाहत राहिली.

मुलीने शेवटी मुद्द्याची गोष्ट सांगितली. खाली जाताना कानांवर दाब येतो. दुखायच्या आधीच, प्रत्येक हातभर खोलीला, नाक चिमटीत धरून हलकेच हवा फुंकायची. कानात टक् असा आवाज आला की कान मोकळा झाला, मग पुढे जायचं. नाही झाला तर थोडं वर यायचं आणि पुन्हा करायचं. जोर लावायचा नाही. हे शेवटचं वाक्य तिने दोनदा सांगितलं, आणि दोन्ही वेळा कानसेन बायकोच्या टाकीचा पट्टा नीट बसलाय का ते बघत होता.

सगळे पाण्यात उतरले. बायको खडा टाकावा तशी सरळ तळाला गेली. तिने नाकाला हातही लावला नाही. तळाच्या निळ्या फरशीवर मांडी घालून ती बसली आणि वर बघू लागली. कानसेन दीड मीटर खाली गेला आणि उजव्या कानात कोणीतरी पेन्सिल खुपसावी तशी कळ आली. तो वर आला. पुन्हा गेला, पुन्हा वर. त्याने नाक धरून फुंकलं, गाल फुग्यासारखे फुगले, डोळे मास्कच्या काचेला टेकतात की काय असं झालं, पण कान काही ढिम्म हलेना. फ्लशच्या टाकीतल्या बॉलसारखा तो वर-खाली होत राहिला. पोरं खाली गेली, मास्क काढून पुन्हा घालायला शिकली, एकाच टाकीवर दोघांनी श्वास घ्यायलाही शिकली. कानसेन वरून सगळ्यांची डोकी बघत होता. बायकोला पाण्यात बघायची वेळ आपल्यावर अशी येईल असं त्याला कधी वाटलं नव्हतं.

बाहेर आल्यावर शिकवणाऱ्या मुलीने बायकोला विचारलं, "काकू, तुम्ही नाक न धरता कसं केलंत? असं फार थोड्यांना जमतं." काकू टॉवेलने केस पुसत म्हणाल्या, की होतं आपोआप. आणि त्यांनी विषय बदलला.

घरी जाताना कानसेन पहिल्यांदाच गप्प होता. त्याच्या धंद्यात तुंबलेल्या नळीपुढे हार मानायची पद्धत नव्हती. तुंबलेली नळी म्हणजे दाब कमी पडतोय, एवढं साधं गणित. दुसऱ्या दिवशी तो तलावात उतरला तो निश्चय करूनच. दोन मीटरवर कळ आली. त्याने दुर्लक्ष केलं. अडीच मीटरवर नाक धरलं आणि छातीतली सगळी हवा एकवटून असं काही फुंकलं, की शेजारचं पोरगं दचकून बाजूला झालं. कानात फट् झालं. कळ एकदम गेली. त्याला वाटलं, जिंकलं. मग पाणी गोल फिरल्यासारखं झालं, आणि मास्कमध्ये नाकापाशी लाल थेंब दिसला. मुलीने त्याला दंडाला धरून सावकाश वर आणलं, काठावर बसवलं आणि शांत आवाजातच सांगितलं, की डॉक्टरांनी होकार दिल्याशिवाय आता पाण्यात पाऊल नाही.

पुढचे दोन दिवस त्याने काढले ते कानात कापूस कोंबल्यासारखे. स्वतःचाच आवाज त्याला आपण माठात तोंड घालून बोलतोय असा यायचा. डॉक्टरांकडे जायचं तो टाळत होता. तेवढ्यात एका दातांच्या डॉक्टरीणबाईंचा निरोप आला, की दवाखान्याच्या न्हाणीघरात भिंत ओली होतेय. कानसेन गेला. पंखा बंद झाला. डॉक्टरीणबाई, त्यांची मदतनीस आणि तोंडात कापसाचा बोळा असलेला एक पेशंट, असे सगळे दारात उभे राहिले. स्क्रूड्रायव्हर भिंतीवरून सरकू लागला. उजव्या कानात नुसती गुंगुं. डावा कान त्याने आयुष्यात कधी या कामाला लावला नव्हता. पण इतके लोक बघत असताना कान बदलायचा म्हणजे आली का पंचाईत. त्याने आरशाखाली फुली मारली, गंभीरपणे हातोडा मागितला आणि नऊ टाइल्स फोडल्या. आत खडखडीत कोरडं. पाइपच नव्हता तिथे. पाणी समोरच्या भिंतीतून येत होतं, हे त्या पेशंटने बोटाने दाखवलं.

नऊ टाइल्स त्याने दुसऱ्या दिवशी मुकाट बसवून दिल्या आणि तिथूनच नाक मुठीत धरून कानाच्या डॉक्टरांकडे गेला.

डॉक्टर वयस्कर होते, बोलायची घाई नसलेले. त्यांनी कानात दिवा घालून पाहिलं आणि भिंतीवरच्या चित्रात दाखवलं, की पडद्यामागे एक छोटी खोली असते आणि तिथून नाकाच्या मागे एक नळी जाते. नळी म्हटल्यावर कानसेन पुढे सरकला. ती किती व्यासाची, असं त्याने विचारलं. डॉक्टर म्हणाले, सगळ्यात अरुंद जागी दोन मिलिमीटरसुद्धा नसेल. कानसेनला धक्का बसला. एवढ्या बारीक नळीवर आख्खा माणूस चालवतात? शिवाय ती एरवी मिटलेलीच असते, डॉक्टर पुढे म्हणाले. गिळताना, जांभई देताना क्षणभर उघडते. वेळेवर उघडली तर हवा जाते आणि दोन्हीकडचा दाब सारखा होतो. उशीर केला की बाहेरच्या दाबानेच ती गच्च मिटते, आणि मग जोर लावाल तेवढी इजा.

"म्हणजे जोर लावून उपयोग नाही," कानसेन म्हणाला.

"तुम्हाला हे कोणी सांगितलं नव्हतं का?"

सांगितलं होतं, दोनदा. पण ते या कानाने ऐकून त्या कानाने सोडलं होतं, हे कानाच्याच डॉक्टरांना कोणत्या तोंडाने सांगणार? पडदा सुजला होता, फाटला नव्हता. तीन आठवडे पाणी बंद, कानाचं काम बंद.

तीन आठवडे कानसेन नळ बदलत आणि टाक्या धूत राहिला. मधल्या काळात बायको वर्गाला जाऊन आली आणि तलावातला भाग पूर्णही करून बसली. एका संध्याकाळी तो स्टुलावर येऊन बसला आणि पाइपाबद्दल काही न बोलता त्याने विचारलं, "तू नाक न धरता कान कसे मोकळे करतेस?"

बायकोने ओठांतल्या टाचण्या एकेक करून काढल्या आणि उशीत खोचल्या. "सांगितलं तर तुम्हाला राग येईल."

"नाही येणार."

"येईल. पण ऐका. तुम्ही रोज इथे येऊन बसता. हा पाइप, तो जोड, कोण काय म्हणालं. माझ्या तोंडात टाचण्या असतात. जांभई आली तर तोंड उघडता येत नाही. मग मी ती आतल्या आत देते. ओठ मिटलेले ठेवून. कानात टक् करतं. पाण्यात मी तेवढंच करते."

कानसेन स्टुलावर ताठ बसला. "माझ्या बोलण्याने तुला रोज जांभई येते?"

"रोज नाही," बायको म्हणाली. ती खोटं बोलणारी बाई नव्हती, म्हणून तिने मनात हिशेब केला. "आठवड्यातून पाच दिवस."

राग आलाच. दुसऱ्या दिवशी तो दुकानात फिरकला नाही. त्या एका संध्याकाळी बायकोच्या सात पँट्स घट्ट करून झाल्या. पण मिटून राहणाऱ्या नळीपुढे रुसवा किती टिकणार? तिसऱ्या दिवशी तो परत स्टुलावर हजर झाला आणि म्हणाला, शिकव.

तिने शिकवलं. जांभई येते असं वाटू द्यायचं, जिभेचं मूळ खाली सोडायचं, टाळू मागून वर उचलायची, आणि ऐन वेळी ओठ मिटून घ्यायचे. कानसेनने प्रयत्न केला. आरशात तो शिंक अडलेल्या माणसासारखा दिसत होता. खरी अडचण वेगळीच होती. जांभई मागवून येत नाही. त्यासाठी कोणाचं तरी ऐकत बसावं लागतं, आणि त्या बाबतीत कानसेनला काडीचाही अनुभव नव्हता.

मग तू बोल, असं त्याने बायकोला सांगितलं. ती काय बोलणार? दुकानातलं. एक गृहस्थ बारा वर्षांपूर्वीचा सूट सैल करून मागत होते. शिवणीत कापड दीड इंच, त्यांना हवं होतं अडीच. त्यांना ते मान्यच नव्हतं, कारण त्यांच्या मते ते जाड झाले नव्हते, सूट आटला होता. कानसेन म्हणाला, मग? तिने सांगितलं, की बगलेखाली त्याच रंगाची पट्टी लावली आणि त्यांना सांगितलं की सूट वाफेवर ताणून दिलाय. कानसेन हसता हसता स्टुलावरून पडायचा राहिला. त्यांना कळलं का? त्यांच्या बायकोला कळलं का? दोन तास गेले, जांभई कसली, चहासुद्धा राहून गेला. दुसऱ्या दिवशी बायकोने कॉलरीच्या आत घालायच्या कापडासारखा रुक्ष विषय मुद्दाम निवडला, तर कानसेनने ते कापड मागवून घेतलं, पाण्यात भिजवलं आणि ते आटतं का ते बघत बसला. तीस वर्षं आपण या बाईला बोलूच दिलं नाही, हे त्याच्या मनात आलं आणि त्याला ओशाळल्यासारखं झालं. पण कान होता तिथेच होता.

तेव्हा त्याला मेव्हण्याची आठवण झाली.

बायकोचा हा थोरला भाऊ विमा कचेरीतून निवृत्त झाला होता आणि त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. त्या ऑपरेशनची हकिगत दवाखान्याच्या पायरीपासून टाके काढण्यापर्यंत पावणेदोन तास चालायची. नातेवाईक त्याला बघून रस्ता ओलांडायचे. त्यात सगळ्यात पुढे असायचा तो कानसेन. म्हणून कानसेनने स्वतः फोन करून चहाला बोलावलं तेव्हा मेव्हण्याला शंका आली, की याला काहीतरी काम असणार. कानसेन म्हणाला, गुडघ्याचं काय झालं होतं ते नीट ऐकायचं राहूनच गेलंय.

मेव्हणा आला. पहिल्या दिवशी चाचरत बोलला, दुसऱ्या दिवशी एक्स-रे घेऊन आला. कानसेन समोर ओठ गच्च मिटून बसायचा. तिसऱ्या दिवशी, रक्ततपासणीच्या रांगेचं वर्णन चालू असताना, डाव्या कानात टक् झालं. सहाव्या दिवशी दोनदा झालं. उजवा कान मात्र हट्टी. नवव्या दिवशी मेव्हण्याला वाटलं आपण फारच लांबवतोय, म्हणून त्याने भूल देण्याचा भाग गाळला. कानसेनने लगेच त्याला थांबवलं. "असं नका करू. भूल देणाऱ्या डॉक्टरांपासून घ्या. सावकाश." मेव्हण्याने एक्स-रे बाजूला ठेवला आणि खुर्ची पुढे ओढली. भूल देणाऱ्या डॉक्टरांच्या चष्म्याची गोष्ट त्याने आजवर कोणालाच सांगितली नव्हती. ती चालू असताना कानसेनच्या उजव्या कानात बारीक टक् झालं आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मेव्हण्याच्याही आलं. जाताना तो दुकानात डोकावून बहिणीला म्हणाला, की भाऊजी फार बदललेत. तिच्या ओठांत टाचण्या होत्या म्हणून बरं झालं.

डॉक्टरांनी होकार दिला. कानसेन पुन्हा तलावावर गेला, आणि या खेपेला शिकवणारी मुलगी सांगत होती ते शेवटपर्यंत ऐकलं. तिने त्याला दोर धरून, पाय खाली ठेवून, हातभर अंतरावर थांबत उतरायला लावलं. पाण्यात शिरायच्या आधीच एकदा कान मोकळे करायचे, कारण वरच्या पहिल्या दोन मीटरमध्येच सगळ्यात जास्त त्रास होतो. कानसेन उतरला. थांबला. मेव्हण्याचा चष्मेवाला डॉक्टर डोळ्यांसमोर आणला. टक्. पुन्हा हातभर. एका जागी उजवा कान अडला तेव्हा तो निमूटपणे वर आला, मान डावीकडे कलवली, गिळलं, आणि पुन्हा गेला. साडेतीन मीटर उतरायला त्याला सात मिनिटं लागली. तळाला पाय टेकल्यावर त्याने फरशीवरून हात फिरवला आणि एक टाइल सैल आहे हे त्याच्या लक्षात आलं. वर आल्यावर मुलीने विचारलं, "काका, खाली जाताना नेमका कसला विचार करता?" कानसेन म्हणाला, "गुडघ्याचा." तिने पुढे विचारलं नाही.

दोन आठवड्यांनी समुद्रात उतरायचं होतं. होडीतून पाऊण तास, मग नांगराच्या दोराने आठ मीटर खाली. बायको अर्ध्या मिनिटात तळाशी पोचली आणि वाळूवर गुडघे टेकून थांबली. कानसेन दोराला धरून एकेक हात उतरत होता. पोरं त्याला ओलांडून गेली. तीन मीटरवर उजवा कान रुसला. पूर्वीचा कानसेन असता तर त्याने फुंकलं असतं. हा दोन हात वर आला आणि थांबला. शिकवणारी मुलगी त्याच्यासमोर डोळ्याला डोळा भिडवून तरंगत राहिली, घड्याळाकडे एकदाही न बघता. मग सायकलच्या ट्यूबमधून हवा सुटावी तशी बारीक शिट्टी कानात वाजली आणि सगळं मोकळं झालं.

खाली वेगळंच काही होतं. सगळीकडून चुर्र चुर्र असा आवाज येत होता, तव्यावर पाण्याचे थेंब उडावेत तसा. कानसेनने सवयीने मान वळवली. आवाज डावीकडूनही येत होता, उजवीकडूनही आणि वरूनही. कुठून येतोय ते सांगताच येईना. तीस वर्षांत पहिल्यांदा त्याला आवाजाचा पत्ता लागत नव्हता, आणि त्याचं त्याला वाईटही वाटत नव्हतं. बायकोने त्याचं मनगट धरलं आणि एका खडकाकडे बोट दाखवलं. त्याखाली एक फताड्या तोंडाचा मासा बसला होता आणि दोघांकडे अत्यंत नाराजीने बघत होता. ते पंधरा मिनिटं त्याच्यासमोर थांबले. कोणीच काही बोलू शकत नव्हतं.

वर आल्यावर मुलीने दोघांच्या नोंदवह्यांत सही केली. तासाभराने सगळे पुन्हा उतरायला निघाले. कानसेनने पट्टे बांधले, मास्क लावला, नाक न धरता एकदा मिटल्या तोंडाने जांभई देऊन पाहिली. उजवीकडे काही वाजलं नाही. पुन्हा पाहिलं. मग त्याने मास्क काढून मांडीवर ठेवला आणि मुलीला सांगितलं, की आज एवढं बास. तिने फक्त मान हलवली. बायकोने त्याच्याकडे एकदा नीट पाहिलं आणि पाठमोरी पाण्यात पडली.

होडीवाल्याने विचारलं, तुम्ही नाही गेलात? "कान नको म्हणतोय," कानसेन म्हणाला. होडीवाल्याने संत्रं सोलून अर्धं त्याच्या हातावर ठेवलं. पाण्यावर बुडबुड्यांचे झुबके उठत होते, पोरांचे मोठे आणि धसमुसळे, एक मात्र लहान आणि सारख्या अंतराने येणारा. तो होडीच्या मागून वळून पलीकडे गेला, तसा कानसेन संत्रं घेऊन उठला आणि पलीकडच्या बाकावर जाऊन बसला.